सलग पाच वर्षं

हरकतीचा अर्ज लिहायला मला बसवलं, कारण आमच्या घरात अक्षर माझंच बरं. बाकी सगळ्यांचं नमुन्याच्या बाटलीवरच्या चिठ्ठीत मावेल असं मुंगीएवढं. अर्ज सोमवारी अकराच्या आत साहेबांच्या टेबलावर पडायला हवा होता, म्हणून रविवारी जेवणं आटोपल्या आटोपल्या सगळे आमच्याकडे. सगळे म्हणजे मोठे काका, त्यांची मुलगी म्हणजे आमची ताई, आत्या, आणि घरचे आम्ही तिघं. माणसं सहा, खुर्च्या चार. त्यामुळे आत्यानं आल्या आल्या पलंगावर मांडी ठोकली आणि तिथूनच हुकूम सोडायला सुरुवात केली.

शुक्रवारी झालं होतं ते असं. पाण्याच्या प्रयोगशाळेत, जिथं बाबा अठ्ठावीस वर्षं सगळ्या शहराचं पाणी तपासतायत, तिथं अकरा वर्षांनी एक कायमची जागा निघाली. एकच. ताई रसायनशास्त्रात पीएचडी, पाण्यातलं शिसं आणि पारा मोजायचं मशीन डोळे मिटून चालवेल अशी, ती फाइल घेऊन गेली. टेबलामागच्या बाईंनी फाइल दोनदा उलटीपालटी केली आणि परत तिच्याच हातात दिली. म्हणाल्या, अनुभव सलग नाही. झालं! मुलाखतीच्या खोलीचं दारसुद्धा बघायला मिळालं नाही. आणि पुढच्या महिन्यात तिला पस्तीस पूर्ण होतायत, पस्तिशीनंतर अर्जच करता येत नाही, म्हणजे ही जागा हुकली की विषयच संपला. हे सहाही जणांना माहीत होतं, म्हणून कोणी ते बोलत नव्हतं.

"लिही," काका म्हणाले. "महोदय."

"लिहिलं."

"सदर जाहिरातीतल्या अटी कुठल्या गाढवानं घातल्या..."

"काका, असं कसं लिहू?"

"लिही गं तू. सभ्य शब्द मागाहून घालू. आधी पोटातलं तरी बाहेर येऊ दे."

बाबा खिडकीत उभे होते, आमच्याकडे पाठ करून. मला वाटलं, खाली कोणाची गाडी आडवी लागलीय ती बघतायत.

"अटी बघा ना एकेक," आत्या म्हणाली. "पीएचडी हवी. त्या मशीनचा पाच वर्षं अनुभव हवा. वय पस्तिसाच्या आत हवं. म्हणजे पोरीनं पाळण्यातच मशीन लावायला हवं होतं. आणि पगार? माझ्या दुकानात खाली पडलेले केस झाडायला बाई आहे, तिला मी याहून जास्त देते, वर दोन वेळचा चहा. मला आजवर एका गिऱ्हाइकानं विचारलं नाही, की बाई, तुझा कात्रीचा अनुभव सलग आहे का?"

ताई हसली. खरंच हसली, मान मागे टाकून, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. शुक्रवारपासून ती नुसती "हो", "नाही", "बघू" एवढंच बोलत होती.

"पण सलग नाही म्हणजे काय?" काका तिच्याकडे वळले. "सहा वर्षं झाली तुला त्या संस्थेत. एक दिवस घरी बसलेली मी बघितली नाही तुला."

"सहा दिवस बसले होते," ताई म्हणाली. "अकरा महिन्यांचा करार असतो. तो संपला की एक दिवस आम्हाला काढतात आणि दुसऱ्या दिवशी परत घेतात. बारा महिने भरले तर माणूस कायम करा म्हणेल ना."

आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. दरवर्षी एक दिवस ताई सकाळी सकाळी आमच्याकडे यायची, आज सुट्टी टाकलीय चल म्हणायची, आणि आम्ही दोघी दिवसभर उंडारायचो! सिनेमा काय, दुकानंच्या दुकानं पालथी घालून काहीही न घेता परत येणं काय! मी वर्षभर त्या दिवसाची वाट बघायचे. त्या दिवशी तिला नोकरीच नसायची, आणि मी तिला म्हणायचे, ताई, वर्षातून दोनदा टाक ना गं सुट्टी.

"मग तेच लिहायचं," काका उसळून म्हणाले. "एका दिवसाचा खंड म्हणजे काय खंड झाला का? वाच ती अट. शब्द न् शब्द वाच."

मी जाहिरातीचा कागद उचलला आणि मोठ्यानं वाचलं. "अनुभव सलग असावा. मध्ये खंड पडल्यास आधीची नोंद बाद समजावी."

आणि थांबले. कारण हे वाक्य मी लहानपणापासून वाचत आलेय. मला ताप यायचा तेव्हा बाबा दर दोन तासांनी थर्मामीटर लावून तक्ता करायचे, त्याच्या डोक्यावर हे वाक्य. गॅसची टाकी कधी लागली, कधी संपली, त्या कपाटाच्या आतल्या कागदावर हे वाक्य. प्रयोगशाळेत नळाच्या पाण्याची रोज सकाळी सातची नोंद असते, एक दिवस जरी चुकला तरी महिना नव्यानं धरायचा, हे बाबांच्या हाडात इतकं मुरलंय की ते दुधाच्या कॅलेंडरवरसुद्धा तसंच लिहितात. नोंद सलग असावी, खंड पडल्यास आधीची नोंद बाद.

मी फक्त वर बघितलं, तर स्वयंपाकघराच्या दारात आई उभी, हातात चहाचं भांडं. तिनं हे वाक्य माझ्याहून जास्त वर्षं वाचलंय.

"अहो," आई म्हणाली. "ही जाहिरात तुम्ही लिहिलीत?"

खिडकीतली पाठ हलली नाही.

"मी काय विचारतेय?"

"साहेबांनी सांगितलं होतं," बाबा म्हणाले. अजूनही खिडकीकडेच तोंड. "म्हणाले, मी हिशेबाच्या खात्यातून आलोय, मला पाण्यातलं काय कळतं, तुम्हीच घाला काय त्या अटी."

बाबांनी यातलं पुढचं मला नंतर जिन्यात बसून सांगितलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना भलतंसलतं समजाल. त्यांनी एक अख्खी संध्याकाळ त्या अटी लिहिल्या होत्या. शिंपी माप घेतो ना, तशा. ताईची पीएचडी आहे, मग पीएचडी. ते मशीन शहरात दोन-तीन जणांनाच येतं, मग ते मशीन. सहा वर्षं झालीत, मग पाच लिहू, थोडं सैल असलेलं बरं. दुसरं कोणी त्या अंगरख्यात मावताच कामा नये. आणि 'सलग' त्यांनी विचार करून लिहिलंच नव्हतं, ते हातातून आपोआप उतरलं, अनुभव म्हटलं की नोंद आणि नोंद म्हटलं की सलग. ताईच्या त्या सहा दिवसांबद्दल त्यांना कुठं काय माहीत होतं? तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

"म्हणजे गाढव घरातच होतं," आत्या म्हणाली. तिला विनोद करायचा होता, पण तो मधेच मेला.

काका खुर्चीत मागे टेकले. "माझ्यासाठी केलंस ना हे?"

"दादा, आजोबांच्या जागेवर तू लागायचास," बाबा म्हणाले आणि आता कुठं वळले. आजोबा म्हणजे त्यांचेच वडील, पण माझ्यामुळे घरात सगळे त्यांना आजोबाच म्हणतात. आजोबा त्याच प्रयोगशाळेत काच फुंकायचे, नळ्या, चंबू, सगळं तोंडानं आणि जाळावर. ते निवृत्त झाले तेव्हा घरातल्या एकाला घेणार होते, मान काकांचा होता, आणि काका साहेबांना म्हणाले, धाकट्याला घ्या, मी कुठंही हात चालवून खाईन. मग बाहेरून तयार काच यायला लागली, काकांचा कारखाना बंद पडला, आणि बाबा मात्र महिन्याच्या महिन्याला पगार घेत राहिले. "तू सोडलीस म्हणून मी खाल्लं. एक जागा तुझ्या घरात परत यावी असं वाटलं, यात काय चुकलं माझं?"

काकांचे डोळे भरून आले होते, मी बघितलं. अजून एक मिनिट गेलं असतं तर दोघा भावांनी मिठी मारली असती. पण आईनं चहाचं भांडं टेबलावर ठेवलं. हळूच ठेवलं. आई आदळआपट करते तेव्हा काही नसतं, हळू ठेवते तेव्हा घाबरायचं.

"आधीची अट काय होती?" तिनं विचारलं.

"कधीची?"

"अकरा वर्षांपूर्वी जागा निघाली तेव्हाची. तुम्ही बदलायच्या आधीची."

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"सांगा ना. सगळे घरचेच आहेत."

"डिप्लोमा," बाबा म्हणाले. "आणि दोन वर्षं अनुभव."

माझा डिप्लोमा आहे. माझी दोन वर्षं झालीत, रंगाच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये, शिकाऊ म्हणून, डबे हलवून हलवून उजवा खांदा दुखेपर्यंत. आईनं ते दोन वर्षांचं सर्टिफिकेट प्लास्टिकमध्ये बसवून आणलं होतं, आणि गेलं वर्षभर रोज सकाळी बाबांना डबा देताना विचारायची, निघाली का हो जाहिरात? आणि बाबा म्हणायचे, यंदा डिप्लोमावाल्यांना घेणार नाहीत म्हणे, वरून आलंय. आम्ही दोघी त्या वरच्याला इतक्या शिव्या दिल्यात!

"वरून आलंय म्हणालात," आई म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मी समजत होते, वर म्हणजे कुठं तरी मंत्र्याबिंत्र्याकडे. हे वरचे माझ्याच ताटात जेवत होते."

"अगं, हिचं वय आहे अजून! तेवीस वर्षांची आहे ही. तिची शेवटची संधी होती."

"अकरा वर्षांनी निघाली ना ही? मग पुढची निघेल तेव्हा ही चौतिशीची असेल, आणि तेव्हा तुम्ही पीएचडीच्या वर काय मागाल?"

आत्या पलंगावरून उतरून आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आत्या जन्मभर भावांच्या बाजूनं भांडलेली बाई, आईशी तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य, आणि ती सरळ उठून तिकडे गेली.

"वहिनीचं बरोबर आहे," ती म्हणाली. "तेलही गेलं, तूपही गेलं. दोन्ही पोरी बाहेर आणि अटी तेवढ्या मागे राहिल्या."

आणि मग काका. काका बाबांची बाजू घेतील असं मला वाटलं होतं, पण ते उठून बाबांच्या अगदी समोर गेले. "मी जागा सोडली ती माझी होती म्हणून सोडली," ते म्हणाले. "परत कर असं तुला कधी म्हटलं का? आणि करायचीच होती तर स्वतःची द्यायचीस. हिची का दिलीस? हिला विचारलंस तरी का?"

"दादा..."

"मला ओशाळवाणं केलंस रे. वहिनीपुढे आणि या पोरीपुढे."

ताई उठली, सगळ्यांचे कप गोळा केले, त्यातले दोन तर भरलेलेच होते, आणि आत गेली. मी तिच्या मागे.

ती नळ सोडून नुसती उभी होती. मी म्हटलं, ताई, मला तुझा राग आलेला नाही. खरंच आलेला नव्हता, तेव्हा तरी.

"मला माहितीये गं," ती म्हणाली. मग कप घासायला लागली. "मी पहिला अर्ज केला ना, दुसरीकडे, तेव्हा बीएस्सी मागायचे, दोन वर्षं अनुभव. माझी दोन वर्षं होईपर्यंत एमएस्सी मागायला लागले. एमएस्सी केली तर नेट-सेट. ते केलं तर म्हणाले, पीएचडीवाले मिळत असताना तुम्हाला का घेऊ? पाच वर्षं ती केली. मी म्हणायचे, हे ठरवतं तरी कोण? कोणीतरी दुष्ट माणूस असणार, गुबगुबीत खुर्चीत बसलेला." ती हसली, पण मघासारखं नाही. "आणि एकदा का होईना, माझं माप घेऊन कोणी अटी लिहिल्या, तर त्यात मीच मावले नाही."

"अर्ज करू ना आपण. हरकत घेऊ."

"घेऊ की."

ती 'घेऊ की' अशी म्हणाली की मला कळलं, तिचा त्या अर्जावर काडीचा विश्वास नाही. ती म्हणाली, मला करार-बिरार, पद-बिद काही नको आता, फक्त सकाळी उठून कुठं तरी जायला हवंय, कारण संस्थेचा करार मागच्या आठवड्यात संपला आणि या वेळी दुसऱ्या दिवशी बोलावलंच नाही. हे तिनं बाहेर सांगितलं नव्हतं. काकांनासुद्धा नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघते आणि ग्रंथालयात बसते, म्हणाली.

मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात बाहेर बाबांचा फोन वाजला. बाबांच्या फोनचं कानाला लावायचं बिघडलंय, स्पीकरवरच बोलावं लागतं, त्यामुळे त्यांचं कुठलंच बोलणं घरात खाजगी नसतं.

"साहेबांनी तुमचा नंबर दिला," कोणीतरी मोठ्यानं बोलत होतं, मागे गाड्यांचे आवाज. "मी ठेकेदाराकडचा मुकादम. तुमच्याकडे ती एक जागा होती ना, तिला कोणी पात्र मिळालं नाही म्हणे. साहेब म्हणाले, नमुन्यांचा ढीग साचलाय, तुमच्याकडूनच द्या एक माणूस. उद्या नऊला पाहिजे. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर सांगा, नाहीतर मी बघतो नाक्यावरचा कोणीतरी."

हरकतीचा अर्ज टेबलावर, 'महोदय' एवढंच लिहिलेला. जागाच उरली नव्हती, हरकत कशाला घेणार?

"काम काय?" बाबांनी विचारलं. कामाबद्दल बाबाच मुकादमाला विचारत होते, बघा.

"तेच हो सगळं. बाटल्या धुवायच्या, नमुने आणायचे, ते मशीन चालवायचं. शिकवा तुम्ही. बारावी असेल, डिप्लोमा असेल, काहीही चालेल. फक्त जास्त शिकलेलं नको हां. मागे एक एमएस्सी घेतला होता, तीन आठवड्यांत पळाला. माझं नाव खराब झालं."

आईनं माझ्याकडे बघितलं. आत्यानं बघितलं. काकांनीसुद्धा बघितलं आणि मान हलवली, म्हणजे दे, हिचं नाव दे. बाबांनी घसा खाकरला. "आहे," ते म्हणाले, "घरातलीच आहे, माझी..."

"पुतणी," ताई म्हणाली.

ती कधी बाहेर आली मला कळलंच नाही. हातांना साबणाचा फेस. ती फोनवर वाकून बोलत होती. "मी त्यांची पुतणी बोलतेय. बारावी झालीय माझी. मशीन येतं मला, शिकवायला नको."

"अरे वा! वय काय ताई?"

"चौतीस."

"चालेल, चालेल. लग्नबिग्न, पोरंबाळं?"

"काही नाही. उद्या नऊला येते."

काकांचं तोंड उघडं राहिलं होतं. तिच्या शिक्षणासाठी त्यांनी मोठं घर सोडून दोन खोल्या घेतल्या, काकू गेल्यावर दुसरं काही केलं नाही, पीएचडी झाली तेव्हा कारखान्यातल्या जुन्या माणसांना शोधून शोधून पेढे वाटले. आणि त्यांच्यासमोर ती बारावी पास म्हणून उभी होती.

"ती डॉक्टर आहे!" मी ओरडले. "पीएचडी आहे तिची! एमएस्सी, नेट, पीएचडी, सगळं केलंय तिनं! बारावी काय म्हणता? शहरात ते मशीन तिच्याइतकं कोणाला येत नाही!"

फोनमधून एक हसणं आलं. "अहो, मग गरिबाची मस्करी कशाला करता? डॉक्टर मॅडम नकोत मला. दुसरं कोणी असेल तर बोला, नाहीतर ठेवतो."

सगळे बाबांकडे बघत होते आणि बाबा फोनकडे.

"एक आहे," बाबा म्हणाले. "डिप्लोमा झालेली."

"द्या पाठवून."

फोन बंद झाला. काका माझ्याजवळ आले, माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाले, "बरं बोललीस बाई. माझ्या पोरीला तिचं शिक्षण लपवून कुठं जायची पाळी यायला नको." आत्या डोळे पुसत होती. ताईनं फेसाळलेल्या हातानंच माझ्या पाठीवर थाप मारली. "वेडी," ती म्हणाली, "भांडायला बरी उठलीस माझ्यासाठी."

आता तुम्हाला म्हणून सांगते, बाकी कोणाला सांगितलेलं नाही. ताई 'पुतणी' म्हणाली ना, तेव्हा मला जे लागलं ते तिच्या अपमानामुळे नव्हतं. बाबा माझं नाव घेत होते. आयुष्यात पहिल्यांदा घेत होते, आणि ते तोंडातच राहिलं. मी ओरडले तेव्हा ती डॉक्टर आहे हे मी तिला ऐकवत नव्हते, मुकादमाला ऐकवत होते. सगळं मोजून सांगितलं, एमएस्सी, नेट, पीएचडी, एकही सोडलं नाही. ती ग्रंथालयात जाऊन बसते, हे मला पाच मिनिटांपूर्वी कळलेलं होतं, तरी.

आईला कळलंय असं मला वाटतं. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. आत गेली आणि माझा उद्याचा डबा घासायला घेतला.

"मशीन येतं का तुला?" ताईनं विचारलं.

"नाही."

"मग बस इथं. पेन घे."

आणि तिनं सुरुवात केली. कुठलं बटण आधी, गॅस किती सोडायचा, ज्योत निळी झाली नाही तर काय करायचं, आणि साहेब घाई करतात तेव्हा त्यांचं अजिबात ऐकायचं नाही म्हणाली, चांगला अर्धा तास तापू द्यायचं. बोलता बोलता तिचे हात हवेत चालायला लागले, आवाज चढला, मधेच स्वतःच्याच एका चुकीची गोष्ट सांगून स्वतःच हसली. शुक्रवारपासून मी तिला इतकी खुशीत बघितली नव्हती. दर दोन वाक्यांनी विचारायची, "कळलं का गं? नाही कळलं तर परत सांगते."

कळलं, मी म्हणत होते. खाली बघून भराभर लिहून घेत होते.